आठ दिवसांच्या बोलीची लेथ

वाल्मीकनं फिरत्या सळईजवळ खडू धरला आणि पुन्हा तेच झालं. खडू एकाच अंगाला लागला, दुसरं अंग कोरडं. सळई अजून वाकडीच फिरत होती.

"तुझ्या आयला..." त्यानं खडू पत्र्यावर फेकून मारला.

राणीसावरगावात रस्त्याकडेला त्याचं शेड. आईबापासंगं तोही ऊसतोडीला जायचा. एकदा कारखान्याच्या वर्कशॉपात लोखंड कातणाऱ्या लेथवरून लांबलचक साल सुटताना बघितली आणि कोयता कायमचा सुटला. मग बावीस वर्षं दुसऱ्यांच्या लेथवर घासली. पंचेचाळिशीत आता स्वतःची आली होती. जुनी, पूर्णेच्या किशनरावांकडं दहा वर्षं बंद पडलेली. बोली साधी होती : आठ दिवसांत जमली नाही, तर परत.

आज आठवा दिवस.

पहिले तीन दिवस साफसफाईतच गेले होते. लेथच्या लांब बेडवरचा गंज डिझेल लावून घासला. गिअरमधलं काळं वंगण खरवडलं, तर आत चिमणीचं घरटं. काम पकडणारा मोठा चक काढून डिझेलात बुडवला. चौथा दिवस गुरुवार.

"आवो, मशीन निम्मी उघडी हाय," बायको शिवकन्या म्हणाली होती. "चक बसवा, मंग करू की पूजा."

"गुरुवार हुकवायचा न्हाई मला. तू कर."

नारळ फुटला, दुपारी चक चढला, आणि तेव्हापासून ही सळई लंगडायला लागली. वाल्मीकनं चकामागच्या हेडस्टॉकचं झाकण उघडलं, मागून बेअरिंग आवळलं, ढिलं केलं, पुन्हा आवळलं. बेडखाली पट्ट्या सरकवल्या. शेजारणीनं शिवकन्येला दळणाचं विचारलं, तरी हा तिच्या अंगावर गेला. शिवकन्येनं चहा आणला तर, "ठीव तिथं, डोकं खाऊ नकू!" चक तेवढा नुकताच धुतलेला, म्हणून त्याला हात लावला नाही.

शेवटी आज सकाळी किशनरावांना फोन लावला. "चक फिरवणारं स्पिंडलच वाकडं हाय तुमचं. दगड बांधलात माझ्या गळ्यात."

म्हातारा भडकला. "आरं, हयात गेली माझी त्या मशीनवर! मला लबाड म्हनतूस? गाडी धाडतो. दे माघारी."

दुपारी किशनरावांनी धाडलेला बन्सीधर टेम्पो घेऊन आला. दोरखंड टाकत म्हणाला, "मामा, चक उतरवा. उगं वजन कशाला?"

वाल्मीकनं चक फिरवून काढला आणि तिथंच थबकला. चक जिथं टेकतो त्या स्पिंडलच्या चकचकीत कडेवर कुंकवाचा टिळा होता. त्यात चिरडून वाळलेल्या दोन अक्षता. शिवकन्येनं मशीनचं कपाळ म्हणून तिथंच टिळा लावला होता. चक चढवायच्या आधी तिनं पुसायला फडकं घेतलं, तर हाच ओरडला होता, "पूजेचं कुंकू पुसतेत व्हय?"

केसाएवढं ते जाड. पण तेवढ्यानं चक तिरका बसला होता आणि पार सळईच्या टोकापर्यंत वाकडेपण पोचलेलं.

त्यानं नखानं खरवडलं, डिझेलनं पुसलं, चक चढवला. बटण दाबून खडू धरला. सळईवर गोल, अख्खं पांढरं कडं उमटलं.

बन्सीधर दोरखंड हातात घेऊन उभा. "मंग, न्यायची का न्हाई?"

वाल्मीकनं फोन लावला. घसा खाकरला. "किशनराव, मशीन सरळ हाय. टिळ्यावर चक बसवला मी. सकाळी वंगाळ बोललो."

पलीकडून म्हातारा म्हणाला, "चहा पाज बन्सीधरला, अन् रिकामा धाड. आन् दसऱ्याला लांबूनच ववाळ, गाढवा."

फोन खिशात टाकून तो वळला. दारात शिवकन्या कमरेवर हात देऊन उभी होती. सगळं ऐकलेलं.

"किशनरावाला लावला फोन," ती म्हणाली. "चार दिस डाफरलाव माझ्यावर. मला कवा लावताव?"

बन्सीधर तोंड फिरवून हसला. वाल्मीकनं स्वच्छ असलेला चक उगाच पुन्हा पुसायला घेतला.