पाठमोरी नक्कल

आमच्या भागिरथाबाईंचं तोंड पाहून कुणी कधी हसलं नाही. हसायचं ते त्यांची पाठ पाहून.

त्या माझ्या थोरल्या जाऊ. रिठदच्या शिवारात आम्ही बायका निंदणाला जायचो तेव्हा त्यांचा हात सगळ्यात चलाख, म्हणून पातीत, निंदणाऱ्या बायकांच्या रांगेत, त्या कायम पुढे. मागून आम्हाला दिसायची ती त्यांची पाठ, आणि त्या पाठीवर अख्खं गाव यायचं. मान जराशी वाकडी केली की वाशीमच्या एसटीचा कंडक्टर, खांदे पाडले की नवी नवरी. खुरपं थांबायचं नाही आणि बाई मागे वळायच्या नाहीत. आम्ही मात्र हसता हसता तण ठेवून सोयाबीनच उपटायचो.

सगळ्यात भारी नक्कल बबनरावांची. शेत त्यांचं. ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पोचण्याआधी त्यांचा खोकला पोचायचा, दोन बारके आणि मग एक लांब, ओढलेला. तो ऐकला की आमचे पदर सावरले जायचे, हात जोरात चालायचे. बाई नेमका तोच खोकला काढायच्या. माना खाली घालून बरीच पात उरकल्यावर कळायचं, की धुरा रिकामाच आहे. एकदा तर खराच खोकला आला. आम्हाला वाटलं बाईच, म्हणून आम्ही मान वर न करता खी खी करत राहिलो. वर बघतो तर बबनराव उभे, सोबत त्यांच्या पत्नी विजयमालाबाई. विजयमालाबाईंनी पदर तोंडात धरला होता. तो उन्हामुळे नव्हता, एवढं मला तेव्हाही कळलं.

एक नक्कल मात्र शेतात कधी झाली नाही, पाण्याची. बाकीच्या मजुरणींना गिलास मिळायचा. आम्हा बौद्धांच्या बायकांनी खाली ओंजळ करून बसायचं, बबनराव तांब्या उंच धरून वरून धार सोडायचे. नाकात पाणी जायचं. ती नक्कल बाई घरी चुलीपुढे करायच्या. आम्ही हसायचो, पण ते हसू मध्येच संपायचं.

त्या दिवसांचे गोडवे गायची मला हौस नाही. तरी ते पातीतलं हसू आठवलं की जीव तुटतो. आता तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन एकटा माणूस सगळं शेत उरकतो. पात गेली आणि बाईही गप्प झाल्या.

मग माझी लेक धम्मदीपा सुट्टीत आली. अमरावतीला पीएच.डी. करते. विषय काय, तर शेतमजूर बाया कशाला हसतात. म्हटलं, चला, आमच्या हसण्यालाही कुणी विचारलं. तिनं मोबाईल रेकॉर्डिंगला लावला, मोठीमायला, म्हणजे भागिरथाबाईंना, समोर बसवलं आणि प्रश्न सुरू केले. बाई आपल्या "हो", "नायी", "आता काय सांगू" यापुढे जाईनात.

मीच वैतागले. "अवं, समोर बसून काय विचारून राह्यली? मांगं बस."

दुसऱ्या दिवशी परसातल्या मेथीच्या वाफ्यात आम्ही निंदायला बसलो. बाई पुढे, आम्ही मायलेकी मागे. थोड्या वेळानं तो खोकला आला आणि माझे हात आपोआप जोरात चालायला लागले. धम्मदीपा पोट धरून हसली, मग रडायलाच लागली. म्हणाली, "माय, हे नुसतं लिहून भागनार नायी. करूनच दाखवा लागते. आधी गावाले, मंग विद्यापीठाले."

तिच्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं होतं, स्वतःच्या घरावर कधी संशोधन होतं का? ही म्हणाली, दुसरे येऊन आमच्यावर लिहून गेले तेव्हा हा प्रश्न कुणी काढला नाही. पोरगी माझ्यावर गेली आहे.

शाळेच्या मैदानावर कार्यक्रम ठरला, सगळ्या गावाला आवतन गेलं. बबनराव वारले होते, पण विजयमालाबाई येणार म्हणून निरोप आला. तेव्हा बाईंचा मुलगा नरेंद्र वाशीमहून धावत आला. "माय, बाकी सारं कर. पान्याचं नोको करू. आपल्याले याच गावात राहाचं हाये."

बाई म्हणाल्या, "खोकला त्याहीचा, मंग पानी कोनाचं?" पण त्या रात्री जेवल्या नाहीत. धम्मदीपानं सांगितलं, "मोठीमाय, तुह्यावर हाये." मला वाटलं, नाहीच करणार.

कार्यक्रमात धम्मदीपानं आधी आपली गोष्ट सांगितली, आईच्या आणि मोठीमायच्या हसण्यात वाढलेल्या पोरीची. मग बाईंना माईकसमोर खुर्ची दिली. एवढी तोंडं समोर पाहून बाईंचं लाकूड झालं. एकाएकी त्या उठल्या, खुर्ची सरकवली आणि लोकांकडे पाठ करून मातीत उकिडव्या बसल्या. आम्ही जुन्या चारजणी त्यांच्या मागे पात धरून बसलो.

कंडक्टर आला, नवी नवरी आली. मैदान हसत होतं. खोकला आला तेव्हा म्हाताऱ्या तर डोळे पुसत हसल्या. मग बाई उभ्या राहिल्या. त्यांनी रिकामा तांब्या उंच धरला, कलता केला. पुन्हा खाली बसल्या, ओंजळ तोंडाशी नेली, आणि त्यांचे खांदे आक्रसत गेले. पाणी नव्हतं, तरी माझ्या नाकाला झोंबलं. कुणी हसलं नाही. नरेंद्र जमिनीकडे बघत होता.

पहिल्या रांगेतून विजयमालाबाई उठून पुढे आल्या. "भागिरथा, पानी असंच पाजत व्हते ते. म्या पायलं हाये." मग म्हणाल्या, "अन् तो खोकला... घरात आता कुठीच नायी. एकडाव अजून काढतं का?"

मला राग आला. तुमच्या घरचा खोकला आमच्याकडे काय मागता, असं ओठावर आलं होतं. पण मागणं बाईंकडे होतं.

बाईंनी तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "समोरून निघत नायी तो. मांगं बसा, पातीत."

विजयमालाबाई माझ्या खांद्याचा आधार घेत मातीत बसल्या. बाईंनी पाठ फिरवली. दोन बारके, मग एक लांब.

मी सवयीनं पदर सावरला. शेजारी पाहिलं, तर विजयमालाबाईंनीही सावरला होता.