थेट एसटीचे चार गुण

लातूरच्या एका वधू-वर सूचक केंद्राच्या डेटाबेसमधून माझ्या मेलेल्या मित्राला बाहेर काढायची सुपारी मी घेतली, असं सांगितलं की ऐकणारे खुर्ची पुढे ओढतात. ओढा. गोष्ट आहेच तशी.

मित्र कंधारचा, गणिताचा मास्तर. पत्रिका जुळवणारा कोड लिहून त्यानं त्याचा बंद डबा थेट डेटाबेसच्या पोटात ठेवला होता. आमच्या धंद्यात त्याला असेंब्ली म्हणतात. त्यात एक खोडी होती, फक्त मला ठाऊक असलेली. मुलीच्या गावाहून मुलाच्या गावाला थेट एसटी नसेल, तर चार गुण कापायचे! त्याची बहीण देगलूरच्या पलीकडे दिलेली. बाप गेला तेव्हा गाड्या बदलत ती पोचली, तोवर चिता विझली होती. कुठल्याच शास्त्रात नसलेलं हे कलम मास्तरनं ग्रहांच्या गर्दीत बेमालूम घुसवलं होतं.

आता केंद्राच्या बाईंनी नवं ॲप घेतलं. ॲपवाल्यांची अट एकच: बाहेरचा कोड पोटात नको. म्हणून असेंब्ली शोधून काढून टाकणारा छोटा प्रोग्राम घेऊन मी नांदेडहून आलो.

चालवला. डेटाबेसनं साफ नकार दिला. याच्यावर एक फंक्शन, म्हणजे याला हाक मारून गुण मागणारा कोड, अवलंबून आहे, आधी ते काढा. मी हसून टाळीच वाजवली.

"भाऊ, हसायलाव कशाला?"

"मास्तर उठत नाही म्हणतोय, बाई."

"उठवा त्याला. किनवटच्या पोरीचं औशाचं स्थळ चौदा गुणांवर अडकलंय. अठरा तरी लागत्यात."

मग मी ते कलम त्यांना सांगून टाकलं. नव्या ॲपमध्ये एवढं एकच राहू द्या, फुकट बसवून देतो, म्हणालो.

"अगं बाई! अन् मी आजवर मंगळाला शिव्या देत होते!" बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "एसटी कोण बघतंय आता? पोराकडं कार हाय की."

"कार नवऱ्याची. पोरीनं माहेरी कधी जायचं, ते तोच ठरवणार."

"मग? विचारूनच जात्यात की बायका. त्यात नवं काय हाय?"

मी लॅपटॉपकडे वळलो.

असेंब्लीची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. पण तिला हाक मारणारं आता कुठेच कुणी उरणार नव्हतं. फंक्शन काढलं. मग असेंब्ली काढायला सांगितली. या खेपेला डेटाबेसनं अडवलं नाही. निमूट मोकळा झाला.

बाईंनी नव्या ॲपमध्ये पत्रिका पुन्हा ताडून पाहिल्या आणि लगेच किनवटला फोन लावला.

"पाटील, पेढे काढा," त्या मुलीच्या बापाला सांगत होत्या. "तुमच्या लेकीचे चार गुण वाढले बघा!"