कौसल्येचा बारा दिवसांचा उजेड

देवाजी गिरणीत लागला आणि विणकर सोसायटीला एकाएकी त्याला दिलेला आपला माग आठवला. महाल वस्तीतल्या त्याच्या घरी येऊन सेक्रेटरी मनोहरराव म्हणाले, "विणणाराच नाही तर माग कशाले?"

"मी विणतो ना," देवाजीची बायको कौसल्या म्हणाली. अठरा वर्षं तिनं नुसत्या धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरल्या, असा सोसायटीचा समज होता.

मनोहररावांनी परीक्षा ठरवली: काळ्या-निळ्या चौकडीचं नऊवारी, बारा दिवसांत. तेराव्या दिवशी सकाळी दहाला ते बघायला येणार. नाही जमलं तर माग उचलणार.

काळं आणि निळं सूत कंदिलाच्या उजेडात सख्ख्या भावांसारखं दिसतं. विणायचं ते दिवसाच. कौसल्येनं पंचांग काढलं. मार्गशीर्षातलं दिनमान पावणेअकरा तास. बारा दिवसांचे जवळजवळ एकशेतीस. वाराला दहा तास धरले तरी लुगडं नव्वदात उतरत होतं.

पहिल्या दिवशी पाय सोडून विणायच्या मागाच्या खड्ड्यात उजेड आला नऊला आणि गेला चारला. पंचांगातला सूर्य क्षितिजावर उगवत होता, कौसल्येचा शेजारच्या नानाजीच्या माडीवर. बारा साते चौऱ्याऐंशी. सहा तास कमी.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच ती छपरावर चढली आणि पूर्वेकडची कौलं उतरवू लागली.

"कवेलू काहून काढून राहिली वं?" देवाजी खालून ओरडला. "थंडीनं मराचं हाय का?"

"नानाजीची माडी तर पाडता येत नाही. छप्पर आपलं हाय."

घरात आभाळ दिसू लागलं. उजेड आठलाच येऊ लागला, रोज एक तास जास्त. सातव्या दिवशी ढग आले आणि वाचलेले तास गिळून गेले. बाराव्या दिवशी चारला चार बोटं लुगडं बाकी होतं.

देवाजीनं कंदील लावला. "चार बोटं तं राह्यली. टाक विणून."

"चार बोटाले तास लागते. उद्या आठ ते दहा, दोन तास हायेत," म्हणून तिनं धोटा ठेवला आणि भाकरी थापायला गेली.

दहाला मनोहरराव आले तेव्हा लुगडं मागावरून उतरलं होतं. उघड्या छपराखाली त्यांनी ते हातभर-हातभर सरकवत पाहिलं. चुकलेला धागा सापडेना, तसा त्यांचा चेहरा लांब होत गेला.

"बरं. माग राहू द्या. रजिस्टरात देवाजीचं नाव हायच."

"ते खोडा," कौसल्या म्हणाली, "अन् माझं लिहा. तवर मी उभी हावो."

मनोहररावांनी पेनाचं टोपण काढलं.