बिनकाट्याचा मासा

परवा जेवताना रोहूचा काटा हिरडीत रुतला आणि अमडापूरच्या घरातलं ते जेवण आठवलं. दीर परदेशात मासे कापून बर्फात भरायच्या कारखान्यात कामाला होता. सुट्टीवर येताना त्यानं थर्माकोलच्या डब्यातून हॅलिबट नावाचा समुद्रातला मासा आणला. पांढरे, जाड, बिनकाट्याचे चारच तुकडे होते आणि जेवणारे आम्ही पाच. मी काळ्या मसाल्याचा रस्सा केला. सासऱ्यांचे दात केव्हाच पडलेले. तलावातल्या मासळीचे काटे त्यांना निवडता येत नसत, म्हणून त्यांना नेहमी नुसत्या रश्श्यात भाकर कुस्करून मिळायची. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "आज एक फोड मले दे व बाई." "लय काटे हायेत, बाबा. घशात अडकतीन," मी म्हणाले. "बुढ्याची जीभ काही मरत नाही," नवरा हसला. सासऱ्यांनी रश्श्यात भाकर कुस्करली. आमच्याकडे मासे असले की प्रत्येक ताटाच्या कडेला काट्यांचा ढीग लागायचा आणि तो गोळा करून मांजरीला घालायचं काम सासऱ्यांचं. जेवण झाल्यावर ते सवयीनं वाटी घेऊन उठले. नवरा, दीर, मुलगी आणि मी, चौघांची ताटं त्यांनी वाकून पाहिली. "काटे कुठी हायेत व?" "काटेबी खाल्ले आमी," दीर म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो. ते रिकामी वाटी धुऊन अंगणात गेले. पुढं वर्षभर जगले, पण काही मागितलं नाही. परवा मी हिरडीतला काटा काढला आणि जेवण पुरं केलं.