शिवगंगाबाईंचं ध्यान

अहमदपुरात शिवगंगाबाईंच्या ध्यानाचा बोलबाला झाला, तो त्यांनी काही केलं म्हणून नव्हे, त्यांना काही करता येईना म्हणून. पण हे लोकांना सांगणार कोण?

लिंगायताच्या घरात सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मगच तोंडात घास घालायचा. शिवगंगाबाईंनी हा नेम लहानपणापासून पाळला होता. तिशी ओलांडली आणि बोटांचे सांधे सुजू लागले. मग मनगटं, मग घोटे. सकाळी उठावं तर मूठ मिटलेली, काही केल्या उघडायची नाही. अर्धवट उघडलेल्या हातावर लिंग घेतलं आणि ते खाली पडलं तर? त्यांच्या लेखी ते जीव जाण्यासारखंच होतं. म्हणून मूठ सैल होईपर्यंत त्या पाटावर डोळे मिटून बसून राहायच्या.

आधी निभत होतं. कोमट पाण्यात हात बुडवले की बोटं लवकर सुटायची. मग दुष्काळ आला. विहीर आटली, गल्लीत टँकर येऊ लागला. सून जगदेवी घागरीसाठी उन्हात भांडून यायची, तिच्याकडे हात शेकायला पातेलंभर पाणी मागायचं कोणत्या तोंडानं? बैठक लांबत गेली. ऊन अंगणात उतरलं तरी आपल्या सासूबाई, अव्वा, हलत नाहीत, हे जगदेवीनं शेजारच्या मल्लम्माला कौतुकानं सांगितलं, आणि मल्लम्माला सांगितलं म्हणजे गावालाच सांगितलं. बाया पाया पडायला येऊ लागल्या. सुजलेल्या घोट्यांवर कुणी भक्तीनं डोकं टेकलं की शिवगंगाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. त्या पाण्याचाही बायांनी आपल्या परीनं अर्थ लावला. एवढी माणसं यायची, पण तुम्हाला काय होतंय, असं विचारणारं त्यांत एकही नव्हतं. भरल्या घरात ती बाई अगदी एकटी होती.

त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला. मोठ्या दवाखान्यासाठी उस्मानाबाद गाठायची कटकट मिटली. मुलगा चन्नबसप्पा दुकानासाठी भांडी आणायला लातूरला निघाला, तेव्हा गुडघे दाखवायचं निमित्त करून त्याही सोबत गेल्या. तो बाजारात गेला, त्या एकट्याच डॉक्टरसमोर बसल्या. डॉक्टरनं बोटं दाबून पाहिली. हा आजार जात नाही, पण ताब्यात ठेवता येतो, म्हणाला. "गोळी उठल्याबरोबर घ्या. पण उपाशीपोटी नको, पोटात जखम होईल. आधी थोडं खा."

झालं! गोळीशिवाय बोटं उघडणार नाहीत, बोटांशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय घास नाही आणि घासाशिवाय गोळी नाही. गोळ्यांची पुडी ट्रंकेत गेली. मठातल्या स्वामींना विचारलं असतं तर त्यांनी हसून मोकळीक दिलीही असती. पण विचारायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगितलं की ध्यान खोटं ठरणार.

श्रावणही कोरडाच निघाला. एका सकाळी मल्लम्मा बाया घेऊन आली.

"अव्वा, पावसासाठी बसा आता. अन्नपाणी न घेता. तुमचं शंकर ऐकतो."

शिवगंगाबाई हादरल्या. "अगं, मी ध्यान करत न्हाई. माझी बोटंच उघडत न्हाईत. लई दुखतं."

मल्लम्मानं भक्तिभावानं हात जोडले. "बघा गं, मोठी माणसं आपलं मोठेपण कसं झाकून ठेवतात!"

आता मात्र शिवगंगाबाईंचं डोकं फिरलं. भिंतीला धरत त्या उठल्या. ट्रंकेतली पुडी काढली, चुलीजवळची रात्रीची भाकर उचलली. पूजा व्हायची होती, कपाळाला विभूतीही नव्हती. दोन्ही मनगटांत भाकर धरून त्यांनी ती सगळ्यांदेखत चावून खाल्ली आणि वर गोळी गिळली.

बाया एकेक करून उठल्या. मल्लम्मा पाया न पडताच गेली. चन्नबसप्पा दारात उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं, वहाणा घातल्या आणि दुकानाला निघून गेला.

शिवगंगाबाई पाटावर बसून राहिल्या. जगदेवी जवळ आली, तेव्हा आता ही बोल लावणार, असंच त्यांना वाटलं. पण सुनेनं त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि वाकडी झालेली बोटं पहिल्यांदाच नीट पाहिली.

"अव्वा, हे कधीपासनं हाय?"

"तू नवी नवरी म्हणून आलीस, तुझी ओटी भरली मी. तवाबी दुखतच होतं की."

जगदेवीला ती ओटी आठवली. सासूच्या हातून निम्मे तांदूळ खाली सांडले होते. आपण हिला मनातून नको आहोत, असं धरून ती इतकी वर्षं या घरात कामापुरतंच बोलत आली होती.