बाटलीतला फेस

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ मास्तरांसाठी नवं शिबिर आलं. पोरांना नुसतं सांगू नका, त्यांच्या हातून करून घ्या, असं तिथं शिकवलं. मी निलंग्याकडच्या एका खेड्यात नववीला रसायन शिकवत होतो. तरुण होतो, डोकं गरम. शिबिरातून परतलो तो हवेतच.

प्रयोगशाळा म्हणजे एक रिकामं कपाट. त्यात दुष्काळ. म्हटलं, पाण्यावरच प्रयोग करू. प्रत्येकानं आपापल्या विहिरीचं बाटलीभर पाणी आणायचं, साबणाचा चुरा टाकून हलवायचं. फेस आला तर पाणी सुफेन, नुसता साका आला तर दुष्फेन. गावातल्या बायांना हे शब्द ठाऊक नव्हते, पण विहिरी आटत चालल्यापासून डाळ शिजत नाही, हे त्या रोज बघत होत्या.

सगळ्या बाटल्यांत साका. एकीतच फेस बुचापर्यंत चढला. ती बौद्ध वस्तीतल्या मुलीची. वर्गात कधी तोंड न उघडणारी ती पोर खुदकन हसली. मी तिलाच फळ्यावर लिहायला लावलं: सर्वांत चांगलं पाणी, बौद्ध वस्तीची विहीर. मला कोण अभिमान!

पोरांनी घरी सांगितलं. ज्या विहिरीला गावानं पिढ्यान्‌पिढ्या हात लावला नव्हता, तिच्यावर चौथ्या दिवशी सरपंचांचं पाणी उपसायचं इंजिन बसलं. मी तावातावानं जाब विचारायला गेलो.

"गुरुजी, लई मोठं काम केलंत," ते म्हणाले. "दुष्काळात कसला आलाय इटाळ!" त्यांनी चहा मागवला आणि मी तो मुकाट्यानं प्यायलो. त्याची लाज अजून वाटते.

करायला गेलो गणपती नि झाला मारुती. पंधरवड्यात विहिरीचा तळ दिसला. ती मुलगी घागर घेऊन दोन कोस जाऊ लागली, शाळेत उशिरा येऊ लागली. तिला रागवायचं तरी कोणत्या तोंडानं?

पुढं वस्तीत सरकारी बोअर घेतली. पाणी लागलं. तेव्हाच जिल्ह्याचे साहेब शाळेच्या तपासणीला आले आणि म्हणाले, पाण्याचा तो प्रयोग दाखवा. सरपंचही खुर्ची टाकून बसले. "बगू, ह्या बोअरचं कसं हाय," म्हणाले.

त्याच मुलीनं बोअरच्या पाण्याची बाटली हलवली. फेसाचा पत्ता नाही.

"हे बी खराबच हाय, सर."

मी बाटली उजेडात धरली. तळाशी पानाला लावायच्या चुन्याचे कण होते. चुन्यानं पाणी दुष्फेन होतं, हे मीच शिकवलेलं. प्रयोगात खोटं करायचं नाही, हेही मीच. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"दुष्फेन," मी साहेबांना सांगितलं. सरपंच खुर्चीवरून उठले.

तिच्या वहीत मी बरोबरची खूण केली. तिनं वही घेतली, पण या वेळी ती हसली नाही.