अर्धी राहिलेली चाल

मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दार बंद दिसलं की घरात कुणीतरी आजारी आहे असं समजतात. मी गाणी लिहितो आणि त्यासाठी दार लावून बसतो, हे कुणाच्या गळी उतरत नाही. गिटार हातात घेतली की बेल वाजलीच. कुणाला विरजण हवं, कुणी टाकी भरून वाहतेय म्हणून सांगायला, कुणी नुसतंच "जेवलास का?" विचारायला.

गेल्या वर्षी एका गाण्याची चाल अर्ध्यावर अडली. मुखडा झाला होता, पुढे अंतरा सुचेना. तोच मुखडा मी महिनोन्‌महिने घासत होतो. माझा पहिला अल्बम त्या एका गाण्यापायी लटकला होता आणि माझं डोकं फिरलं होतं. या माणसांमुळे माझं गाणं मरतंय, असं मी आईवर ओरडलो.

आई म्हणाली, "मग जा जंगलात."

जंगलात नाही, चांदीपला गेलो. मित्राच्या शेतावरची खोली रिकामी होती. समोर भाताची खाचरं, बेल नाही, विरजण नाही. सुरुवातीला मजा वाटली. मग ती शांतता अंगावर यायला लागली. गिटार घेऊन बसायचो, उठायचो, बांधावर फेऱ्या मारायचो, परत बसायचो. एक ओळ सुचेल तर शपथ. खोटं कशाला बोलू, कुणीतरी येऊन जेवलास का विचारावं असं वाटायचं.

शेजारच्या काकूंच्या लेकीची हळद निघाली आणि मी निमित्त साधून परतलो. काकू मूळच्या अर्नाळ्याच्या, कोळ्यांच्या घरातल्या. त्यांच्याकडे हळदीला बायका जमल्या की जागच्या जागी ओळी जुळवून एकेकाची फिरकी घेतात. मी मांडवात बशी घेऊन उभा होतो. नवं गाणं सुरू झालं आणि माझा घास हातातच राहिला. तो माझा मुखडा होता.

भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तो काकूंना आणि त्यांच्यामुळे बाकीच्या बायकांना पाठ झाला होता. त्यावर त्यांनी नवरदेवाच्या मिशा, सासूचे सुके बोंबील, वाहणारी टाकी, असं काय वाटेल ते बसवलं होतं. आणि मुखडा संपला तरी त्या थांबल्या नाहीत. टाळ्यांवर पुढे गेल्या, वर चढल्या आणि सहज उतरून मुखड्यावर आल्या. मला हवा होता तो अंतरा.

मला राग आला, भयंकर राग आला. "काकू, ही चाल माझी आहे!"

"तुजीच रं," हळदीच्या हातानं माझे गाल माखत त्या म्हणाल्या. "पन अर्धी टाकून पलालास. कोनीतरी पुरी कराला नको?"

एका पाहुणीनं विचारलं, "छान आहे हो. कुणाचं गाणं?"

"आमच्या बिल्डिंगचं," काकूंनी सांगितलं आणि मला ओढून मधे उभं केलं. मी तोंड उघडलं. माझ्याच गाण्याचे शब्द मला येत नव्हते. मग मी काकूंच्या तोंडाकडे बघत, सगळ्यांच्या जरा मागून, गायला लागलो.